कॉम्प्लेक्सिटी: गुंतागुंत की क्लिष्टता?

प्रश्न असा आहे: ‘यंत्र विचार करू शकतं का’ यावरच्या एका लेखाचं भाषांतर करताना ‘कॉम्प्युटेशनल कॉम्प्लेक्सिटी’ला ‘गणनेतील गुंतागुंत’ म्हटलं तर चालेल का?

मी तरी म्हणणार नाही. गुंतागुंत म्हटलं की दोऱ्याचा गुंडा किंवा भाऊबंदकीतला सातबारा आठवतो, एकात एक अडकलेलं काहीतरी. इथे अडकलेलं काही नसतंच. ८३ गुणिले ९७ करा, कागदावर मिनिटभरात ८०५१ येतात. आता उलट जा, ८०५१चे अवयव काढा. २ने भाग जातो का, ३ने, ५ने, ७ने... मूळ संख्या घेत घेत तेविसाव्या खेपेला ८३ सापडतो. (९०चा वर्ग उणे ७चा वर्ग हे ज्यांना लगेच दिसलं, त्यांनी गप्प बसावं.) रीत शाळकरी पोरालाही कळेल. गाठ कुठेच नाही, नुसती दमछाक. आकडा वाढला की ही दमछाक किती पटीने वाढते, हा ‘कॉम्प्युटेशनल कॉम्प्लेक्सिटी’ या शास्त्राचा विषय.

तुमच्या लेखात तर सगळं गुंता आणि दमछाक यांतल्या याच फरकावर उभं असणार. तत्त्वज्ञ नेड ब्लॉक यांनी १९८१ साली एक यंत्र कल्पिलं. होऊ शकतील ते सगळे संवाद त्यात आधीच लिहून ठेवलेले, प्रश्न आला की तक्त्यातून उत्तर उचलायचं. ट्यूरिंगच्या १९५०च्या कसोटीत (लेखी गप्पांवरून समोर माणूस आहे की यंत्र, हे ओळखता येतं का) पास, डोकं शून्य. असं यंत्र तर्काला धरून शक्य आहे, एवढंच ब्लॉकना पुरे होतं. संगणकशास्त्रज्ञ स्कॉट आरॉन्सन २०११च्या निबंधात विचारतात, पण तक्ता केवढा होईल? समजा ५० चिन्हं आणि १००० अक्षरांचं संभाषण. शक्यतांची संख्या १६९९ अंकी. दृश्य विश्वातले अणू मोजायला साधारण ८१ अंक पुरतात. तक्ता सरळसोटच आहे, फक्त तो विश्वाला परवडत नाही! तिथे ‘गुंतागुंत’ लिहिलंत तर वाचक मेंदूच्या रचनेत शिरेल आणि मुद्दा निसटेल.

‘जटिल’मध्ये जटा आहेत, म्हणजे पुन्हा गुंताच. ‘क्लिष्ट’ मात्र क्लिश् धातूवरून, ‘क्लेश’चा सख्खा भाऊ. कष्ट त्याच्या पोटातच आहेत. अडचण एकच, आपण तो शब्द सरकारी परिपत्रकांच्या भाषेला बहाल करून बसलोय. तरी मी ‘गणनक्लिष्टता’ घेईन, पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे गणनेला पडणारे कष्ट’ असं जोडून. ‘गुंतागुंत’ मेंदूच्या वर्णनासाठी राखून ठेवा, त्याच लेखात लागेल.