साताऱ्याच्या बारवा थेट नॉर्वेच्या समुद्रात

प्रश्न : नमस्कार दादा. आम्ही तिघी मैत्रिणी सुट्टीला स्कूटी काढून जुन्या विहिरी, बारवा बघत हिंडतो. लिंबची बारा मोटांची विहीर सगळ्यांना माहितीये पण खटाव-कोरेगावकडं शेतात ज्या बारवा आहेत त्यांचं कुणाला काय पडलेलं नाही, म्हणून म्हटलं फुकटात होतोय तर ऑनलाईन नकाशाच करू. एक्सेलची यादी सीएसव्ही (स्वल्पविराम टाकलेली साधी मजकूर-फाइल) करून गुगल माय मॅप्सवर चढवली तर सगळ्या पिना नॉर्वेच्या वर समुद्रात, आणि नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! आता क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिकायचं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, क्यूजीआयएस राहू द्या हो. चांगलंच आहे, फुकट पण आहे, पण तीस-चाळीस बारवांसाठी ते उघडून बसलात तर पावसाळा संपेल आणि नकाशा तिथंच राहील.

तुमची यादी बरोबर आहे, फक्त कॉलम उलटे गेलेत. सातारा साधारण १७.६८ अक्षांश आणि ७४ रेखांशावर येतो. हेच उलटं वाचलं की ७४ उत्तर, १७ पूर्व, म्हणजे नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधला समुद्र, तिथं बेअर आयलंड नावाचं एक बेट आहे त्याच्या आसपास बुडाल्यात तुमच्या बारवा. एकेक पिन ओढत बसू नका, तो लेयर डिलीट मारा, फाइल परत इम्पोर्ट करा आणि कुठल्या कॉलममध्ये काय आहे असं विचारतं तिथं अक्षांशाला लॅटिट्यूड, रेखांशाला लाँगिट्यूड नीट निवडा. पुढंमागं यूमॅप नावाच्या दुसऱ्या नकाशा-साईटवर जिओजेसन (नकाशातल्या जागांची एक प्रकारची फाइल) वगैरे करायला गेलात तर तिथं रेखांश आधी लिहितात, अक्षांश नंतर, भलेभले तिथं फसतात.

प्रश्नचिन्हं येतात ती सीएसव्ही साधी सेव्ह केली म्हणून. सेव्ह करताना यूटीएफ-८ वाली (मराठी अक्षरं सांभाळणारी) सीएसव्ही निवडा, नाहीतर ती भानगडच नको, एक्सेलची एक्सएलएसएक्स फाइल आहे तशी चढवा, मराठी व्यवस्थित दिसतं.

आणि नुसतं गावाचं नाव देऊन जागा शोधायला लावू नका बरं का. वडगाव म्हटलं की कुठलं, कराडकडचं वडगाव हवेली, खटावातलं वडगाव जयराम स्वामी, की पार मावळातलं? विहिरीच्या काठावर उभं राहून मोबाईलवर गुगल मॅपमध्ये बोट दाबून धरा, आकडे येतात ते कॉपी करा. पॉइंटनंतर चार आकडे घेतले तरी चूक दहा-अकरा मीटरच्या आतच राहते, तेवढ्यात बारव सापडते की.

खरी मजा पिनच्या आत काय लिहिता त्यात आहे. लिंबच्या पिनवर नुसतं ‘जुनी विहीर’ लिहून काय उपयोग? वीरूबाई भोसल्यांनी अठराव्या शतकात बांधली, वरून बघितलं तर शिवलिंगासारखा आकार, आत छोटा महाल, असं लिहा. शेतातल्या बारवांना पायऱ्या कुठल्या बाजूनं, पाणी वापरात आहे का, शिलालेख असला तर फोटो, एवढं तरी पाहिजेच. फक्त शेत खाजगी असलं तर मालकाला विचारल्याशिवाय लिंक जाहीर करू नका, उद्या चारचाक्या भरून लोक रील काढायला त्याच्या उसात शिरतील आणि शिव्या तुम्हाला बसतील.

प्रश्न : वासोटा किल्ल्यावर नेट नसतं, तिथं असा नकाशा कसा चालवायचा?
– एक ट्रेकर, कराड

उत्तर : जीपीएसला नेट लागत नाही राव, नकाशाचं चित्र उतरवायला लागतं. माय मॅप्समधून केएमएल फाइल (पिना दुसऱ्या ॲपमध्ये न्यायची फाइल) काढा, ऑरगॅनिक मॅप्स नावाचं फुकट ॲप आहे त्यात ती उघडा, आणि महाराष्ट्राचा नकाशा घरीच वायफायवर डाउनलोड करून ठेवा. वासोट्याला जायला बामणोलीला बोटीत बसल्यावर आठवून काय फायदा नाही. पॉवर बँक मात्र घ्या.