वाचक विचारतात: इंटेलसमोर एएमडी टिकली कशी?

प्रश्न: नमस्कार सर, माझं मिरजेत कॉम्प्युटर असेंबल करून द्यायचं छोटं दुकान आहे. दहा वर्षांपूर्वी गिऱ्हाईक इंटेलशिवाय नावच घ्यायचं नाही, आता कॉलेजची पोरं येतात ती थेट एएमडीचा रायझेन प्रोसेसर मागतात. एवढ्या मोठ्या इंटेलसमोर ही कंपनी टिकली कशी, स्वस्त विकून?

उत्तर: नाही हो, नुसतं स्वस्त विकत होती तेव्हाच तर ती मरायला टेकली होती. 2011 ला बुलडोझर नावाचं प्रोसेसरचं डिझाइन आणलं, कोअर (चिपमधले स्वतंत्र काम करणारे भाग) भरपूर पण एकेका कोअरचा दम कमी, मग भाव पाडूनच विकावं लागलं, आणि 2015 मध्ये शेअर 2 डॉलरच्याही खाली गेला.

मला विचाराल तर एएमडीचे खरे वार तिथेच बसले जिथे उत्तर द्यायला इंटेलला स्वतःचंच नुकसान करून घ्यावं लागत होतं. 2003 चा ऑप्टेरॉन हा सर्व्हरचा प्रोसेसर घ्या. 64-बिटसाठी, म्हणजे जास्त मेमरी हाताळता यावी म्हणून, इंटेलने इटॅनियम नावाची वेगळीच वाट धरलेली, पैसा ओतलेला, पण त्यावर जुनी सॉफ्टवेअर नीट पळत नव्हती, आणि एएमडीने काय केलं तर पीसीच्या जुन्या एक्स86 ह्या सूचनांच्या भाषेलाच 64-बिटची जोड दिली, म्हणजे जुनंही चालतंय नि नवंही. मायक्रोसॉफ्टने साथ दिली आणि 2004 मध्ये इंटेललाच ती पद्धत घ्यावी लागली. दुकानात कुठलाही 64-बिट इंटेलवाला पीसी उघडा, विंडोजच्या विनएसएक्सएस फोल्डरमध्ये जा, 'एएमडी64' नावाने सुरू होणारे ढीगभर फोल्डर दिसतील, ते ह्याचमुळे.

पण चांगला माल असून भागत नाही, पीसी बनवणाऱ्या कंपन्यांवर इंटेलची पकड होती. त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, 2009 मध्ये इंटेलने 125 कोटी डॉलर देऊन एएमडीशी तडजोड केली. त्याच वर्षी एएमडीने आपले चिपचे कारखाने वेगळे काढून दिले, त्याचीच ग्लोबलफाउंड्रीज झाली. तेव्हा लोकांना वाटलं संपली ही कंपनी. पण त्यामुळेच पुढे तैवानच्या टीएसएमसीकडून 7 नॅनोमीटरवर (आकडा जितका लहान तितकं तंत्र बारीक, नवं) चिप करून घेता आली, इंटेल मात्र स्वतःच्या कारखान्यातल्या 10 नॅनोमीटरमध्ये वर्षानुवर्षं अडकून पडली.

2014 ला लिसा सू सीईओ झाल्या, 2017 ला रायझेन आलं. आठ कोअरचा 1800एक्स 499 डॉलरला, आणि इंटेलचा आठ कोअरवाला हजाराच्या वर! आता इंटेलने भाव उतरवायचा तर आपलाच गल्ला आपणच फोडायचा.

ह्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट चिपलेटची, म्हणजे एका मोठ्या चिपऐवजी छोटे तुकडे जोडायची. शंकरपाळ्याची पोळी लाटली आणि तिच्यावर चार ठिकाणी डाग पडले असं समजा. मोठे मोठे चार तुकडे कापले तर चारही वाया जायची भीती, बारीक कापले तर फक्त चार शंकरपाळ्या फेकायच्या. ज्यातून चिप कापतात त्या सिलिकॉनच्या चकतीचं, म्हणजे वेफरचंही तसंच असतं. 2019 च्या 64 कोअरच्या एपिक ह्या सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये एएमडीने एक अवाढव्य चिप न करता 7 नॅनोमीटरचे आठ छोटे तुकडे लावले आणि मध्ये जुन्या, स्वस्त तंत्राचा एक जोडणारा तुकडा, आणि तेच छोटे तुकडे तुमच्या दुकानातल्या रायझेन 3000 मध्येही! एकच डिझाइन, दोन बाजार. कमी इंजिनियर असलेल्या कंपनीला ह्याहून मोठा आधार कुठला?

प्रश्न: मग एआयच्या चिप करणाऱ्या एनव्हिडियासमोर पण हेच चालेल का?

उत्तर: तिथे अवघड आहे, कारण भांडण चिपचं कमी आणि सॉफ्टवेअरचं जास्त. एनव्हिडियाच्या चिपवर प्रोग्रॅम लिहायचं त्यांचं कुडा हे सॉफ्टवेअर 2007 पासून आहे, एवढ्या वर्षांत लोकांचे हात त्यावर बसलेत, एएमडीचं तसंच सॉफ्टवेअर रॉकएम मागून आलंय. तरी फट शोधलीच त्यांनी, 2023 च्या एमआय300एक्स ह्या एआय कार्डवर 192 जीबी मेमरी दिली, तेव्हाच्या एनव्हिडियाच्या एच100 वर 80 जीबी होती, म्हणजे मोठं एआय मॉडेल चालवायला कार्ड कमी लागतात. मायक्रोसॉफ्ट आणि मेटाने ती घेतलीत. पण शिकाऊ पोरगं घरी बसून पहिला प्रोग्रॅम लिहितं ते अजून कुडावरच, आणि त्याला रॉकएम तितकंच सहज वाटायला लागल्याशिवाय नुसत्या मेमरीवर हा सामना जिंकता येईल असं मला वाटत नाही.