रात्रपाळीच्या आठवड्यात पुस्तक उघडू नका

"पाळीचं काम सांभाळून पदवी होईल का?" सोलापुरात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. विचारणारे टॉवेल-चादरीच्या कारखान्यातले असतात, सूतगिरणीतले असतात, दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या मुली असतात. गेल्या वर्षी आलेल्या एका तरुणाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चिंचोळी एमआयडीसीत तो टेरी टॉवेलच्या मागावर होता. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. दर आठवड्याला पाळी बदलायची. बायको घरी विड्या वळायची, मुलगी पहिलीत. इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, बी.ए.ला नाव घातलं, पुस्तकांचा गठ्ठा आला आणि जूनची परीक्षा हुकली.

"मॅडम, जमंना बघा. रोज दोन तास बसायचं ठरवतो, पंधरा दिवस चालतं, मग सगळं मोडतं. वर्ष वाया गेलं. सोडूनच द्यावं म्हणतो."

वर्ष वाया गेलेलं नव्हतं. इग्नूची बी.ए. कमीत कमी 3 वर्षांत होते, पण पूर्ण करायला 6 वर्षांपर्यंत मुदत असते. परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोनदा, आणि कुठल्या वेळी किती पेपर द्यायचे ते फॉर्म भरताना आपणच ठरवायचं. हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसला.

मग पाळ्यांकडे वळलो. 'रोज दोन तास' हे वेळापत्रक ऑफिसातल्या माणसाचं आहे. पाळी बदलणाऱ्याचा आठवडा दर वेळी वेगळा असतो, म्हणून हिशेब तीन आठवड्यांचा मांडायचा. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळ मोकळी आणि झोप झालेली. अवघड वाचन तेव्हा. पहिल्या पाळीत संध्याकाळी तासभर, तोही असाइनमेंट लिहायला. तिला 30 टक्के गुण असतात, त्यामुळे ते लिखाण म्हणजे परीक्षेचीच तयारी. आणि रात्रपाळीच्या आठवड्यात पुस्तक उघडायचंच नाही. फक्त झोपायचं. त्याला हे पटेना. "एक आठवडा सोडला तर मागं पडंन की!" पण त्याचं वेळापत्रक दर वेळी नेमकं त्याच आठवड्यात मोडत होतं, आणि मोडल्याच्या अपराधीपणात पुढचे दोन चांगले आठवडेही जात होते. सुट्टी आधीच ठरवलेली असली की तो अपराधीपणा राहत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. अभ्यास सोडणारी बहुतेक माणसं थकव्याने सोडत नाहीत, 'आपल्याच्यानं होत नाही' या भावनेने सोडतात.

सोलापूरच्या उन्हाचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना, पत्र्याच्या खोलीत, रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोप लागत नाही. त्यावर जूनची परीक्षा. म्हणून अवघड पेपर डिसेंबरला, जूनला सोपे आणि मोजकेच.

तारखा कळल्या की सुपरवायझरला लगेच सांगायचं, पाळी अदलाबदल करून घ्यायची किंवा भरपगारी रजा टाकायची. सकाळी सातला मागावरून उतरून दहाच्या पेपरला बसू नये, यावर मी हटून बसते.

बायकोलाही एकदा बोलावून घेतलं. तिची शंका रास्त होती: एवढं करून ही पदवी चालते का? मुक्त आणि दूरस्थ पद्धतीने, मान्यताप्राप्त विद्यापीठातून घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. प्रवेशाआधी त्या अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोची मान्यता आहे का, तेवढं पाहायचं. मराठीतून शिकायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. त्याने हिंदी माध्यम घेतलं होतं आणि ते बदलावं असं मला वाटलं नाही. तिने असाइनमेंटच्या तारखा कॅलेंडरवर स्वतः लिहून घेतल्या.

डिसेंबरला त्याने तीनच पेपर दिले. दोन सुटले, एक राहिला. राहिलेला अवघड आहे म्हणून जूनला न देता पुन्हा डिसेंबरलाच द्यायचा, हे त्याने मला न विचारता ठरवलं. जूनसाठी दोन सोपे निवडलेत.