रंगमंच-शंका: बंद गिरणीत नाटक करताना

प्रश्न: आमची हौशी नाट्यसंस्था इंदूरच्या एका बंद कापड गिरणीतल्या शेडमध्ये दीर्घांक करणार आहे. शेड 30 मीटर लांब, 20 मीटर रुंद, छत सरासरी 6 मीटरवर. प्रेक्षक 80. तालमीत आवाज इतका घुमतो की शब्द कळत नाहीत. पडदे लावावेत की कॉलर माइक घ्यावेत? – एक वाचक, इंदूर

उत्तर: आधी हिशेब करा. शेडचे घनफळ 3600 घनमीटर. भिंती, फरशी आणि छत मिळून 1800 चौरस मीटर, आणि असे कठीण पृष्ठभाग आवाज जेमतेम तीन-चार टक्के शोषतात. रिकाम्या शेडमध्ये घुमारा विरायला आठ-दहा सेकंद लागतील. 80 माणसे बसल्यावर पाच-सहा. संवादाला तो एका सेकंदाच्या आसपास हवा. 150 चौरस मीटर जाड मखमल चुण्या घालून लावली तरी तुम्ही तीन सेकंदांच्या फारसे खाली येत नाही, आणि तेवढ्या मखमलीचे भाडे हौशी संस्थेला झेपत नाही. माइकनेही सुटत नाही: स्पीकर त्याच शेडमध्ये आवाज ओततो, त्यामुळे घुमाराही तितकाच वाढतो.

म्हणून शेड दुरुस्त करायला जाऊ नका, अंतर कमी करा. एक कोपरा निवडा, मधली पट्टी मोकळी सोडून समोरासमोर दोन-दोन रांगा मांडा. प्रत्येक प्रेक्षक नटाच्या जितका जवळ बसवता येईल तितका बसवा. रांगांच्या मागे 50 मिलिमीटर जाड ग्लासवूलचे (काचेच्या तंतूंच्या लोकरीचे), कापडाने मढवलेले फलक उभे करा. पैसे खर्चायचेच तर इथे खर्चा.

मग संहितेला हात घाला. ‘मी जाणार नाही’ म्हटल्यावर लगेच पुढचे वाक्य आले, तर ‘नाही’चा घुमारा त्याच्यावर चढतो. तिथे दीड सेकंद थांबा. ओरडू नका, त्याने स्वर फुगतात, व्यंजने तशीच दबलेली राहतात. शेडच्या लांबच्या टोकाला संवाद ठेवूच नका. तिथे लोखंडी गाडा ढकलला, एखादी ओवी सावकाश म्हटली, तर हाच घुमारा कामाला येतो. नाट्यगृहात हे मिळत नाही, आणि गिरणीत जायचे कारणही हेच.

प्रश्न: दिवे छताच्या कैच्यांना (छत पेलणाऱ्या लोखंडी त्रिकोणी सांगाड्यांना) टांगता येतील का? गिरणीची जुनी वायरिंग आहे.

उत्तर: नाही. गंजलेली कैची वरून शाबूत दिसते, पण रिव्हेटच्या सांध्यात पोखरलेली असते. सिमेंटचे पत्रे जुने असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असणार असेच धरा. भोक पाडू नका, वर चढू नका. जमिनीवर स्वतंत्र मचाण-पाइपांचे खांब उभे करा, पायथ्याशी वाळूच्या गोण्या. जुन्या वायरिंगला हात लावू नका. 150 वॉटचे 20 एलईडी पार (रंगमंचाचे झोताचे दिवे) म्हणजे 3 किलोवॉट. ध्वनी, पंखे धरून 10 केव्हीएचा सायलेंट जनरेटर पुरतो. तो शेडबाहेर ठेवा. अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच, आणि बाहेर जायच्या वाटांवर बॅटरीचे दिवे. अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची (मिरवणुकीतल्या रोषणाईच्या देखाव्यांची) वीजव्यवस्था सांभाळणारा वायरमन गाठा. फिरत्या जनरेटरवर भार वाटून देण्याचा त्याला सराव असतो.

तुळयांवर साठलेली रुईची धूळ ठिणगीने भडकते. मशाल, निरांजन, सिगारेट, सगळे वर्ज्य. यंत्रे काढलेल्या जागी उरलेले बोल्ट कापून घ्या, खड्ड्यांवर खाली टेकू देऊन 18 मिलिमीटर प्लाय ठोका आणि कडेला पांढरी पट्टी मारा. तेल मुरलेल्या जागी भुसा टाकून घासा, नाहीतर पळापळीच्या प्रवेशात कोणीतरी घसरते. कबुतरांची विष्ठा कोरडी झाडू नका. पाणी फवारून, एन-95 मास्क लावून खरवडा. ती धूळ फुप्फुसात गेल्यास संसर्ग होऊ शकतो.

प्रश्न: परवानगी कोणाची?

उत्तर: गेटवरच्या चौकीदाराची नक्कीच नव्हे. इंदूरचीच हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचे पैसे थेट 2023 मध्ये दिले गेले. अशा मालमत्तेचा ताबा अनेकदा कोर्टाने नेमलेल्या अवसायकाकडे (बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) असतो. ताबा कोणाकडे ते आधी शोधा, लेखी परवानगी घ्या, मग पोलीस, महापालिका आणि अग्निशमन. समोरासमोर दोन दारे बाहेरच्या बाजूला उघडणारी नसतील, तर 80 ऐवजी 40 प्रेक्षकांचे दोन प्रयोग लावा.