होमस्टेच्या फोटोंबरोबर काय लिहावं, म्हणजे न दिसणाऱ्या माणसालाही कळेल?

गुहागरजवळ तुमचा होमस्टे आहे, वेबसाइटवर अंगण, खोली, जेवणाचं ताट आणि दरपत्रक असे चार फोटो टाकलेत आणि अंध ग्राहकांसाठी त्यांच्याबरोबर काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः अंध आहे. फोनवर टॉकबॅक, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारे प्रोग्राम, वापरते, आणि घरच्या सगळ्या सहलींचं बुकिंग माझ्याच गळ्यात असतं.

आधी दरपत्रक. ते नुसता फोटो म्हणून टाकलं असेल तर माझ्यासाठी कोरा कागद आहे. चित्रात रंगवलेले आकडे स्क्रीन रीडर भरवशाने वाचत नाही. दर, जेवण त्यात धरलंय की वेगळं, चेक-इनची वेळ, हे सगळं पानावर सरळ टाइप करा. फोटो हवाच असेल तर राहू द्या, त्याच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये ‘दरपत्रक, सगळे दर खाली लिहिले आहेत’ एवढं पुरे.

ऑल्ट टेक्स्ट म्हणजे फोटोला जोडलेला, पानावर न दिसणारा मजकूर. स्क्रीन रीडर फोटोपाशी आला की तो वाचतो. वर्डप्रेसवर फोटो निवडला की त्याचा रकाना समोर येतो, फोटोखालच्या ओळीचा रकाना वेगळा असतो. दोन्हीकडे तेच वाक्य चिकटवू नका, मला ते दोनदा ऐकावं लागतं. काही साइटवर हा मजकूरच नसतो, मग कानावर फोटोच्या फाइलचं नाव पडतं, ‘आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य दोन चार...’ आणि मी पुढच्या होमस्टेकडे वळते.

आता खोली. मागे एका ठिकाणी (नाव नको) फोटोखाली ‘प्रशस्त, हवेशीर खोली’ असं होतं. खोली होतीही तशी. पण ती माडीवर, आणि संडास-बाथरूम खाली परसात. आईचे गुडघे दुखतात. तिला डोळ्यांनी व्यवस्थित दिसतं, फोटो तिनेही पाहिला होता, पण जिना फोटोत नव्हता. दोन रात्री आम्ही एकमेकींचा हात धरून अकरा पायऱ्या उतरलो. तिथे ‘माडीवरची खोली, दोन पलंग, खिडकी बागेकडे, जिन्याला 11 पायऱ्या, बाथरूम खाली’ असं लिहिलं असतं तर दोघींचंही काम झालं असतं. फोटोत जे दिसतं ते ऑल्ट टेक्स्टमध्ये लिहा, आणि जिन्यासारखं जे दिसत नाही पण लागतं, ते फोटोखालच्या ओळीत. ते सगळ्यांनाच वाचता येतं.

लिहिताना असं समजा की बुकिंगसाठी कोणीतरी फोन केलाय आणि तुम्ही त्याला खोली सांगताय. फोनवर आपण ‘निसर्गरम्य’, ‘अविस्मरणीय’ असलं बोलत नाही, अंगणात सावली आहे का, गाडी दारापर्यंत येते का, ते सांगतो. ‘या फोटोमध्ये’ अशी सुरुवातही नको. हा फोटो आहे हे स्क्रीन रीडर आधीच सांगतो.

ताटाचं वर्णन मात्र जरा सैल हाताने करा. ‘स्वादिष्ट कोकणी जेवण’ ऐकून कोणाला भूक लागत नाही. ‘केळीच्या पानावर वरणभात, बटाट्याची भाजी, तूप सोडलेले दोन उकडीचे मोदक, वाटीत सोलकढी’ हे ऐकलं की मला लागते. शाकाहारी की मासळीचं, तेही त्यातच कळतं.

वेलबुट्टी, शोभेच्या रेघा असतील तर त्यांचं ऑल्ट टेक्स्ट मुद्दाम रिकामं ठेवा. ओळीच्या शेवटी सात-आठ इमोजी नकोत, प्रत्येकाचं नाव वाचलं जातं. मराठी देवनागरीतच लिहा. रोमन लिपीतलं मराठी इंग्रजी आवाज असं काही वाचतो की हसू आवरत नाही. आणि साइट बनवणाऱ्याला पानाची भाषा मराठी अशी नोंदवायला सांगा.

कायद्याचं म्हणाल तर 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय. पण तुमच्यासारख्या घरगुती धंद्याला त्याआधी बुकिंगचंच कारण पुरेसं आहे.

एक राहिलं. तुम्ही चार फोटो सांगितलेत, त्यांत बाथरूम नाही. आई पहिल्यांदा तेच विचारेल: कमोड आहे का?