३.५ मध्ये ओगर खेळवायचा असेल तर लेव्हल कशी मोजायची आणि कशी वाढवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग गेमच्या ३.५ आवृत्तीची मोहीम चालू आहे, पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) सहाव्या लेव्हलला आहे, एका खेळाडूला ओगर (धिप्पाड राक्षस) घ्यायचाय आणि पुढे त्याचा विझार्ड (जादूगार) करायचाय. डीएमला (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला) त्याची लेव्हल कशी धरायची ते कळत नाहीये. माझं मत: ओगर बिनधास्त घेऊ द्या, पण विझार्डचा नाद त्याला सोडायला लावा.

मॉन्स्टर कॅरॅक्टरचा सगळा घोळ एकाच गोष्टीतून होतो. नेहमीच्या कॅरॅक्टरला 'लेव्हल' म्हणजे एकच आकडा असतो, इथे त्याचे तीन होतात: हिट डाइस (अंगच्या ताकदीचे फासे), ईसीएल (पार्टीच्या लेव्हलशी तुलना करायचा एकूण आकडा) आणि क्लास लेव्हल (फाइटर, विझार्ड अशा पेशातली लेव्हल). ओगरचे स्वतःचे हिट डाइस ४, लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट +२ (जन्मजात ताकदीपोटी धरलेल्या जादा लेव्हल), म्हणून ईसीएल ६. एक्सपी (अनुभवाचे गुण) आणि सुरुवातीचं सोनं ईसीएलवर ठरतं: सहाव्या लेव्हलचे १५,००० एक्सपी, १३,००० सोन्याची नाणी आणि पुढच्या लेव्हलला २१,००० एक्सपी. फीट (खास क्षमता), स्किल, हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) हे मात्र फक्त हिट डाइसवर. लेव्हल अ‍ॅडजस्टमेंटच्या त्या दोन लेव्हल शीटवर काहीच देत नाहीत. क्लास लेव्हल अजून शून्यच आहे.

आता शेजारी सहाव्या लेव्हलचा फाइटर उभा करा. दोघांची मूळ स्ट्रेंग्थ १६ आणि मूळ कॉन्स्टिट्यूशन १४ धरू. ओगरला स्ट्रेंग्थमध्ये +१० मिळून २६ होते. त्याचा मोठ्या आकाराचा ग्रेटक्लब २d८+१२ (आठ बाजूंचे दोन फासे अधिक १२), म्हणजे एका घावाला सरासरी २१. फाइटरच्या ग्रेटस्वोर्डचा घाव सरासरी ११, पण त्याला दोन घाव आहेत आणि ओगरला एकच. ओगरचे हिट पॉइंट ३५ च्या आसपास, फाइटरचे ५० च्या. म्हणजे तो मारतो दणदणीत, पण टिकत नाही. अंगचं +५ नॅचरल आर्मर आणि दहा फुटांची रीच (घाव पोचण्याचं अंतर) यांच्या जोरावर शत्रूला लांब ठेवणं हाच त्याचा खरा बचाव. खेळाडूला हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर तो सगळ्यांच्या पुढे घुसेल आणि तिसऱ्या राउंडला आडवा होईल.

आणि स्लीप! पहिल्या लेव्हलचा हा स्पेल एकूण चार हिट डाइसपर्यंतच्या जिवांना झोपवतो. सहाव्या लेव्हलच्या फाइटरवर तो चालतच नाही. तुमचा ओगर चार हिट डाइसचा, विल सेव्हचा (मनावरच्या जादूला तोंड द्यायच्या फेकीचा) पाया जेमतेम +१, त्यामुळे एखादा किरकोळ सॉर्सरर त्याला लढाईतून बाहेर काढू शकतो. उलट बाजूही आहे: ओगरचा टाइप जायंट, ह्युमनॉइड (माणसासारखा) नाही, म्हणून चार्म पर्सन आणि होल्ड पर्सन त्याला लागत नाहीत. पण मित्राने टाकलेला आकार वाढवणारा एन्लार्ज पर्सनसुद्धा लागत नाही, हे खेळाडूच्या कानावर घाला.

म्हणून पहिली क्लास लेव्हल बार्बेरियनचीच घ्यायला लावा. ओगरचा फेवर्ड क्लासही तोच आहे. ती एक लेव्हल घेतली की हिट डाइस पाच होतात आणि स्लीपची टांगती तलवार जाते. d१२ (बारा बाजूंचा हिट डाय) मिळतो, वेग ४० वरून ५० फूट होतो, आणि रेजमध्ये (बार्बेरियनच्या संतापाच्या भरात) विल सेव्ह +२ व तात्पुरते दहा हिट पॉइंट वाढतात. दुसऱ्या बार्बेरियन लेव्हलला सहा हिट डाइस, म्हणून तिसरं फीट. तिसऱ्या लेव्हलला बेस अटॅक (हल्ल्याचा मूळ आकडा) +६, म्हणजे एकदाचा दुसरा घाव. चार हिट डाइसच्या पहिल्या दोन फीटमध्ये मी पॉवर अटॅक आणि आयर्न विल घेईन. आयर्न विल कंटाळवाणं वाटतं, पण ओगरला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

विझार्डचं गणित बघा. ईसीएल १२ ला पार्टीतला साधा विझार्ड सहाव्या पातळीचे स्पेल टाकत असेल. ओगर विझार्डच्या तेव्हा सहाच क्लास लेव्हल झालेल्या, तो नुकता फायरबॉलपर्यंत, म्हणजे तिसऱ्या पातळीच्या स्पेलपर्यंत, पोचलेला असेल. त्यासाठीही इंटेलिजन्स १३ लागतो, आणि ओगरला -४ असल्याने मूळ आकडा १७ हवा. असा खेळाडू महिनोन्‌महिने टेबलावर नुसता बसून राहतो, आणि मला ते बघवत नाही.

मोहीम लांब चालणार असेल तर २००४ च्या अनअर्थ्ड अर्काना या नियमपुस्तकातला लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट फेडायचा पर्यायी नियम नक्की वापरा. ओगरच्या सहा क्लास लेव्हल झाल्या की ईसीएल १२ ला ११,००० एक्सपी मोजून +२ चं +१ होतं. नवव्या क्लास लेव्हलला उरलेलंही फिटतं. तो पार्टीच्या थोडा मागे पडतो, पण मागे पडलेल्याला दर लढाईत जास्त एक्सपी मिळतात, त्यामुळे भरून निघतं.

ट्रोलला मात्र मी सरळ नाही म्हणतो. सहा हिट डाइसवर +५, ईसीएल ११. रीजनरेशन कितीही मोहक असलं तरी अकराव्या लेव्हलच्या शत्रूंसमोर सहा हिट डाइस म्हणजे हाल आहेत.

शेवटचं, खास डीएमसाठी. मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये चौथ्या लेव्हलचा बार्बेरियन ओगर तयार दिलाय, त्याचा सीआर (चॅलेंज रेटिंग) ७ आहे: साध्या ओगरचे ३ आणि बार्बेरियनचे ४. तोच प्राणी खेळाडूच्या हातात ईसीएल १० चा होतो. सीआर फक्त एका लढाईपुरता शत्रू किती जड जाईल ते सांगतो. ईसीएलमध्ये रोज, प्रत्येक खोलीत वापरता येणारी ताकद मोजलेली असते. त्यामुळे सातव्या लेव्हलच्या पार्टीत तो तयार ओगर तसाच उचलून खेळाडूला देऊ नका.