मनातलं विचारा: ‘नुसतं बोलून काय होणार?’

प्रश्न: मी ४२ वर्षांचा, चाकणला कंपनीत सुपरवायझर आहे. मागच्या वर्षी वडील गेले, हार्ट अटॅकने, रात्रीतच. दिवसकार्य, बँकेची कामं, आईचं सगळं मीच बघितलं. आता कामावरून आलो की पार्किंगमध्ये हेल्मेटसुद्धा न काढता गाडीवरच बसून राहतो, वर घरी जावंसंच वाटत नाही. मुलावर गणितावरून उगाच ओरडतो. पहाटे तीनला जाग येते आणि संध्याकाळीच त्यांना हॉस्पिटलला नेलं असतं तर, हेच डोक्यात फिरत राहतं. बायको म्हणते काउन्सेलरकडे जाऊ. पण मी काही वेडा नाहीये, आणि नुसतं बोलून माणूस परत येणार आहे का? – एक वाचक, चिंचवड

उत्तर: दादा, वडील परत येणार नाहीत, आणि कुठलाही थेरपिस्ट तसं सांगणारही नाही. पण तुमचं पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं की या माणसाला रडायला वेळच मिळालेला नाही. बाप गेल्यावर आपल्याकडे लोक खांद्यावर हात ठेवून काय म्हणतात, तर आता तूच मोठा, आईकडे बघ. ते तुम्ही केलंत, अगदी नीट केलंत, आणि स्वतःचं दुःख तसंच राहून गेलं. मग ते चिडचिडीतून बाहेर पडतं, झोपेतून पडतं. पुरुषांचं दुःख पुष्कळदा रागासारखंच दिसतं, त्यामुळे घरच्यांना कळत नाही आणि त्यांना स्वतःलाही कळत नाही. यात वेड वगैरे काही नाही.

आता ‘नुसतं बोलून’चं बघू. मित्राशी बोललात तर तो म्हणणार सोड ना, तुझ्या हातात काय होतं, आणि तुम्ही मान हलवून घरी येणार, पहाटे तीनला परत तेच. थेरपिस्ट तिथे घाई करत नाही. तो विचारेल, संध्याकाळी वडील नेमकं काय म्हणाले होते? अॅसिडिटी वाटतेय म्हणाले? मग तेव्हा तुम्हाला काय माहीत होतं, आणि काय नंतर डॉक्टरांकडून कळलं? हे दोन वेगवेगळे कागद आहेत आणि तुम्ही वर्षभर दुसरा कागद हातात घेऊन पहिल्याचा न्याय करताय. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात मांडलेली आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती, साधारण अशीच चालते, घटना तीच राहते पण तिच्याबद्दल आपण स्वतःला जे सारखं ऐकवतो ते तपासायचं. मानसतज्ज्ञ किशोर फडक्यांनी ती आपल्याकडे मराठीतून पोचवली. म्हणजे ‘मला कळायलाच हवं होतं’ याच्या जागी ‘कळलं असतं तर बरं झालं असतं, नाही कळलं, याचं मला फार वाईट वाटतं’ इथवर यायचं. वाईट वाटणं राहतंच, राहायलाच हवं, वडील होते ते. पण स्वतःला रोज फासावर चढवणं थांबतं.

सेशन साधारण पाऊण-एक तासाचं असतं, बहुतेक वेळा आठवड्याला एक. पहिल्या भेटीत मोकळं वाटेलच असं नाही, काहींना तर जास्तच जड वाटतं, म्हणून एकाच भेटीवरून ठरवू नका. तीन-चार भेटींनंतरही जुळत नसेल तर दुसरा थेरपिस्ट बघा, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. आणि त्याआधी फॅमिली डॉक्टरकडून थायरॉइड, बी-१२, शुगर, बीपी बघून घ्या, कारण थकवा आणि चिडचिड यांचं मूळ तिथेही असू शकतं. औषधं लागली तर ती सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनोविकारांचे डॉक्टर, देतात, काउन्सेलर नाही. आणि जगण्यातच अर्थ नाही असं वाटायला लागलं तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी बायकोला सांगून हॉस्पिटलला जायचं.

मुलाला एकदा सांगा, तुझ्यावर ओरडलो, चूक माझी होती, मला आजोबांची आठवण येते. तोही आजोबांना मिस करत असेल, आणि घरात त्यांचं नाव कुणी काढत नाही म्हणून गप्प बसला असेल.

प्रश्न: मी २० वर्षांची, छत्रपती संभाजीनगरला होस्टेलवर असते. परीक्षा जवळ आली की छातीत धडधडतं, हात गार पडतात. थेरपीचे पैसे नाहीत आणि घरी कळलं तर शिक्षणच बंद करतील. काय करू?

उत्तर: आधी १४४१६ला फोन कर. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, चोवीस तास चालते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष जायचं असेल तर घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून ओपीडीत दाखवता येतं, खासगी फी परवडत नाही म्हणून मागे राहू नकोस. आणि घरच्यांचं म्हणशील तर तू सज्ञान आहेस. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणं हे उपचार करणाऱ्यावर बंधनकारक आहे, जिवाला धोका असेल वगैरे मोजके अपवाद सोडले तर. पहिल्याच भेटीत हे स्पष्ट विचारून घे, चांगला थेरपिस्ट स्वतःहूनच सांगतो.

धडधड सुरू झाली की श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लाव, चार आकडे मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर, काही मिनिटं. हे परीक्षेच्या आधी रोज रूमवर करून ठेव, ऐन पेपरला पहिल्यांदा केलंस तर जमणार नाही.